सत्तेचाळीस संगणकांचा सातबारा : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

सकाळी संचालक मंडळाच्या सभेत विषय मंजूर झाला. मुख्यालय आणि बारा शाखांमधल्या सगळ्या संगणकांची तपासणी करायची, कशावर कोणतं विंडोज आहे, त्याचं लायसन्स खरं आहे का ते लिहून काढायचं, आणि १४ ऑक्टोबरच्या आत नवी व्यवस्था लावायची. त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपतो. मशीन त्यानंतरही सुरू होईल, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबेल. आपली पतसंस्था आहे. भाजीवाल्या, पानठेलेवाले, सालदार रोजचे पन्नास-शंभर रुपये पिग्मीत टाकतात ते याच मशिनींवर चढतात. तिथे नवीन छिद्र सापडलं आणि बुजवायची सोयच नाही, असं चालणार नाही. सभेत मी एवढंच बोललो.

अध्यक्षांनी विचारलं, "खर्च किती येईन?" उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे संगणक नेमके किती, हेच कुठे लिहिलेलं नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये "संगणक संच, नग १" अशा ओळी आहेत. संचात काय काय आलं, विंडोज आलं की नाही, त्याचा उल्लेख नाही. आधी मोजणी, मग खर्च, असं ठरलं.

९ जुलै, बुधवार

आर्वी मुख्यालयापासून सुरुवात. दोनशे पानी रजिस्टर आखलं. रकाने: शाखा, टेबल कोणाचं, मशीनचा सिरियल नंबर, प्रोसेसर, रॅम, बिल नंबर आणि तारीख, कोणतं विंडोज, लायसन्सचा प्रकार, बायोसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतली) की (विंडोजचा पंचवीस अक्षरी कोड), विंडोज ११ चालेल का.

लायसन्सचा प्रकार शोधायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर लिहून पुढे डीएलव्ही दिलं की खिडकी उघडते आणि तिच्यात चॅनल लिहिलेलं असतं. ओईएम डीएम म्हणजे कंपनीने मशीनसोबत दिलेलं, त्याची की मदरबोर्डच्या बायोसमध्ये कोरलेली. रिटेल म्हणजे डबा किंवा ऑनलाइन विकत घेतलेलं. व्हॉल्युम मॅक आणि व्हॉल्युम केएमएस क्लायंट हे मोठ्या खरेदीतले. डीएलव्हीच्या जागी एक्सपीआर दिलं तर ॲक्टिव्हेशन (लायसन्सची मान्यता) कायमचं आहे की मुदतीचं, ते एका ओळीत कळतं.

मुख्यालयातल्या नऊपैकी सात स्वच्छ निघाले. ओईएम, प्रो (विंडोजची कार्यालयांसाठीची आवृत्ती; घरगुती ती होम), कायमचं ॲक्टिव्हेटेड. दोन संगणक बाजूला काढले आहेत, त्यांचं नंतर.

११ जुलै, शुक्रवार

रोहणा शाखा. सकाळच्या एसटीने गेलो. गर्दी नव्हती, पेरण्या आटोपल्या की आठवडाभर शाखा शांत असते.

कॅश काउंटरचा संगणक. एक्सपीआर दिलं. छोटी खिडकी आली आणि तिच्यात लिहिलेलं: व्हॉल्युम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल. तारीख डिसेंबरची. मग डीएलव्ही. चॅनल केएमएस क्लायंट. आपल्या संस्थेने व्हॉल्युम लायसन्स कधी घेतलेलंच नाही. केएमएसला स्वतःचा सर्व्हर लागतो, निदान २५ संगणकांनी त्याच्याकडे मागणी केल्याशिवाय तो एकालाही ॲक्टिव्हेट करत नाही, आणि प्रत्येक संगणकाला १८० दिवसांच्या आत त्याच्याकडून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. रोहण्यात असा सर्व्हर कुठून येणार? म्हणजे मशीनच्या पोटातच कुणीतरी खोटा सर्व्हर बसवून ठेवला आहे.

मग विंडोज डिफेंडरमधल्या अपवादांची यादी उघडली, म्हणजे जे फोल्डर तपासायचे नाहीत असं अँटिव्हायरसला सांगितलेलं असतं ते. एक ओळ होती. त्या फोल्डरमध्ये ॲक्टिव्हेटरची, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल. ज्याने विंडोज टाकलं त्याने आधी राखणदाराला सांगितलं की या खोलीत डोकावू नको, आणि मग खोलीत सामान ठेवलं. त्या खोलीतून आणखी काय काय आत आलं असेल, हे बाहेरून सांगता येत नाही.

बिल काढून पाहिलं. २०२१ चं, तालुक्याच्याच एका दुकानाचं. त्यावर हाताने लिहिलेलं: "कोअर आय ३ सेट, विंडोज ओरिजिनल सहित."

काउंटरवरच्या ताई घाबरल्या. "दादा, माह्या कम्प्युटरात काई बिघडलं काय?" त्यांचा काहीच दोष नाही, असं दोनदा सांगितलं. परतताना मन लागेना. चार वर्षं लोकांच्या ठेवी या मशीनवर चढल्या.

१५ जुलै, मंगळवार

आष्टी, तळेगाव. दोन्हीकडे मिळून तीन केएमएसवाले. तेच दुकान, तसंच बिल.

संध्याकाळी त्या दुकानदाराला भेटलो. भांडायचं नव्हतं, माहिती हवी होती. तो म्हणाला, "भाऊ, असेंबल सेटमधी असंच टाकून देतात सारे. गिऱ्हाईक विंडोजचे पैसे देऊन नाई राह्यलं." यात तथ्य आहे. आपणही कोटेशन मागवताना सगळ्यात कमी आकडा निवडला, विंडोजची ओळ वेगळी मागितलीच नाही. पण बिलावर "ओरिजिनल" लिहिलं ते चूकच, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

१८ जुलै, शुक्रवार

कारंजा. सकाळपासून पाऊस, दीड तास लाइट नव्हती. यूपीएसवर एक-एक मशीन लावून तपासलं.

आज दोन नवीन गोष्टी कळल्या, त्यातली पहिली चांगली आहे.

शाखाधिकाऱ्यांच्या लॅपटॉपवर केएमएसवालं विंडोज १० प्रो. लॅपटॉप मात्र नामांकित कंपनीचा, २०२० चा. सवयीने पॉवरशेलमधून बायोसमधली मूळ की विचारली, आणि आली. पंचवीस अक्षरं, विंडोज १० होम सिंगल लँग्वेजची. म्हणजे लायसन्स विकत घेतलेलं होतं, मदरबोर्डमध्ये पडून होतं, आणि कुणीतरी "प्रो टाकून देतो" म्हणत फॉरमॅट मारून त्यावर चोरीचं टाकलं. स्वतःच्या विहिरीवर झाकण ठेवून शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी चोरून आणावं, तसा हा प्रकार. होम पुन्हा टाकलं की बायोसमधली की आपोआप वाचली जाते आणि नेट मिळालं की ॲक्टिव्हेट होतं, एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट काउंटर क्रमांक दोनची. मागच्या पावसाळ्यात विजेने त्याचा मदरबोर्ड गेला. गावातल्या मेकॅनिकने दुसऱ्या कंपनीचा बोर्ड टाकला. ओईएमचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं, आणि मशीन म्हणजे व्यवहारात मदरबोर्ड. बिघडलेला बोर्ड कंपनीकडून तसाच किंवा तिने ठरवलेला पर्यायी बोर्ड घेऊन बदलला तर लायसन्स टिकतं. वाटेल तो बोर्ड टाकला तर ते नवीन मशीन धरतात. या मशीनचं लायसन्स जुन्या बोर्डासोबत भंगारात गेलं. शिपायाला विचारलं, बोर्ड कुठे आहे. भंगारवाल्याला दिला म्हणाला.

आतापासून मदरबोर्ड बदलायच्या आधी मला फोन, असं पत्रक सगळ्या शाखांना पाठवलं.

२३ जुलै, बुधवार

मोजणी पूर्ण. एकूण ४७.

ओईएम प्रो, खरं, विंडोज ११ ला लायक: १४.
बायोसमध्ये होम सिंगल लँग्वेजची की, विंडोज ११ ला लायक: ९. यातल्या ६ वर चोरीचं प्रो बसवलेलं.
लायसन्सच नाही, मशीन मात्र चांगलं: ११. कारंज्याचा बोर्ड बदललेला यातच.
जुने, विंडोज ११ न चालणारे: १३.

जुन्यांपैकी काहींवर विंडोज ७ प्रोचं स्टिकर आहे, आणि २०१६ च्या जुलैआधी, मोफत अपग्रेडची मुदत होती तेव्हा, ते रीतसर १० वर गेलेले आहेत. लायसन्स अगदी खरं, पण प्रोसेसर तिसऱ्या-चौथ्या पिढीचे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, टीपीएम २.० (सुरक्षेचा अंगभूत भाग), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच प्रणाली चढू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. नेटवर ही तपासणी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या भरपूर आहेत. तशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठीच हा खटाटोप चालू असताना ती वाट धरण्यात अर्थ नाही.

लायक ठरलेल्यांपैकी चार मशिनी आधी नापास झाल्या होत्या. टीपीएम बायोसमध्ये बंद होतं, इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी नावाने असतं. चालू केलं, झाल्या पास. दोन मशिनींच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती विंडोजमधल्याच एमबीआरटूजीपीटी या साधनाने नव्या जीपीटी पद्धतीवर नेली. डेटा जात नाही, तरी आधी बॅकअप घेतला.

२५ जुलै, शुक्रवार

व्यवस्थापक साहेबांसोबत बसलो. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर दाखवलं होतं, विंडोज ११ प्रोची "लाइफटाइम" की, काही शे रुपयांत. "अशा अकरा घेतल्या तं काम भागते ना?"

मी सांगितलं की या कीज बहुतेक कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीच्या व्हॉल्युम करारातल्या असतात, नाहीतर भंगारात निघालेल्या मशिनींवरच्या. टाकल्या की ॲक्टिव्हेट होतात, कारण तिथे फक्त की चालते का ते तपासलं जातं. वापरायचा हक्क मात्र आपल्याकडे येत नाही. मूळ मालकाची मर्यादा संपली किंवा की बंद केली, की आपलं मशीन पुन्हा उघडं.

साहेब शेतकरी माणूस. क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे किल्ली हाती आली म्हणून घर आपलं नाही होत. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, ते पाहा लागते." मी अर्धा तास जे समजावत होतो ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत "सातबारा" लिहून टाकलं. आता शाखांमध्ये सगळे त्याला तेच म्हणतात.

कायद्याचंही बोलणं झालं. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ६३ब: संगणक प्रणालीची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. यातला "माहीत असून" हा शब्द मला झोपू देत नाही. ११ जुलैपर्यंत आपण सांगू शकलो असतो की दुकानदाराने फसवलं. आता आपल्याच रजिस्टरमध्ये आपल्याच अक्षरात लिहिलेलं आहे. म्हणून ज्या मशिनी चोरीच्या विंडोजवर आहेत त्यांचं काम १४ ऑक्टोबरची वाट न पाहता आधी करायचं, असं साहेबांकडून लिहून घेतलं.

३० जुलै, बुधवार

आज दिवसभर पर्यायांचा हिशोब.

पहिला, विंडोज १० वरच राहायचं आणि वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, विकत घ्यायचे. संस्थांसाठी दर मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दरवर्षी दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर तेही बंद. पहिलं वर्ष सोडून दुसऱ्या वर्षी शिरलो तर पहिल्याचेही पैसे भरावे लागतात. १३ जुन्या मशिनी तीन वर्षं ओढल्या तर ५,५५१ डॉलर, करांशिवाय. दहा-बारा वर्षांच्या म्हाताऱ्या मशिनींवर एवढा पैसा घालणं म्हणजे भाकड जनावराला सरकी-ढेप चारणं. घरगुती वापरासाठी स्वस्त सोय निघाली आहे, पण ती घरच्यासाठी. आपण संस्था आहोत. रद्द.

दुसरा, साधं व्हॉल्युम लायसन्स. इथे मी स्वतः फसता फसता वाचलो. व्हॉल्युममधलं विंडोज प्रो हे फक्त अपग्रेड असतं. खाली आधीच एखादं रीतसर प्रो हवं. ज्या अकरांवर काहीच नाही त्यांना ते घेऊन उपयोग नाही, पाया नसताना माडी बांधल्यासारखं होईल. आणि होमवरूनही, शाळा-कॉलेज वगळता, हे अपग्रेड धरत नाही. नागपूरच्या एका विक्रेत्याने कोटेशनमध्ये नेमकं हेच टाकलं होतं. फोन करून विचारलं तेव्हा त्याने मान्य केलं.

तिसरा, मायक्रोसॉफ्टचा "गेट जेन्युइन" करार. ज्यांच्याकडे चालू मशिनी आहेत पण लायसन्स नाही, अशांना रीतसर करून घेण्यासाठीच हा आहे. यात पूर्ण लायसन्स मिळतं, खाली काही असण्याची अट नाही. ज्या मशीनला दिलं त्याच मशीनवर राहतं, दुसऱ्यावर हलवता येत नाही. अकरांसाठी हाच योग्य.

चौथा, रिटेल. मशीन मेलं तर लायसन्स काढून नव्यावर टाकता येतं, हा त्याचा गुण. पण प्रत्येकाची की वेगळी, तेरा ठिकाणी सांभाळायची, आणि दर जास्त.

केएमएस सर्व्हर उभारायचा विचार केलाच नाही. २५ चा आकडा गाठत नाही, आणि शाखांमधलं नेट पावसाळ्यात आठ-आठ दिवस जातं. त्यापेक्षा मॅक की, म्हणजे व्हॉल्युमची एकच सामाईक की, बरी. एकदा नेटवरून ॲक्टिव्हेट केलं की विषय संपला. फक्त तिला मोजकी ॲक्टिव्हेशनं असतात, म्हणून कुठे किती वापरली ते लिहीत जावं लागेल.

४ ऑगस्ट, सोमवार

प्रो हवंच का, की होम चालेल? विक्रेते सरसकट प्रो सांगतात. होम कार्यालयात वापरायचं नाही असा नियम नाही. डोमेन (सगळ्या संगणकांचं एका जागेवरून नियंत्रण) आपल्याकडे नाही, सीबीएस (खात्यांचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्ये चालतं. प्रोमधलं आपल्याला खरंच लागतं ते बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) आणि ग्रुप पॉलिसी (मशीनवर काय करता येईल याचे नियम). बिटलॉकर अशा लॅपटॉपला हवं जो पिशवीत टाकून एसटीने फिरतो आणि ज्यात कर्जदारांची कागदपत्रं आहेत. तसे लॅपटॉप तीन. ते तीन मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून प्रोवर न्यायचे, होमची की असलेल्या नवांपैकी बाकी सहा होमवरच. सिंगल लँग्वेज असल्याने मेनूची भाषा बदलता येत नाही, पण मराठी कीबोर्ड जोडता येतो, तपासून पाहिलं.

मशीनसोबत आलेलं ऑफिस काही ठिकाणी "होम अँड स्टुडंट" आहे. ते घरच्या वापरासाठी असतं. तिथून काढून लिबरऑफिस टाकायचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

जुन्या १३ साठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. आज खरांगणा शाखेत चाचणी सुरू केली. मशीन चौथ्या पिढीचं आय ३, ४ जीबी रॅम. लिनक्स मिंट २२.१, एक्सएफसीई (त्याचं हलकं रूप). उबुंटू २४.०४ वर आधारलेलं, २०२९ पर्यंत अपडेट. लायसन्स जीपीएल आणि त्यासारखी मोकळी, दर मशीनमागे पैसे नाहीत, एक पेनड्राइव्ह सगळीकडे चालते. सातबाऱ्यात लायसन्सच्या रकान्यात फक्त "मिंट, मुक्त" लिहायचं.

सीबीएस फायरफॉक्समध्ये पहिल्याच फटक्यात उघडलं, आणि विंडोजवर उघडायचं त्यापेक्षा लवकर. ताईंनी स्वतः लॉगिन केलं, दोन व्हाउचर टाकले.

पासबुक प्रिंटरवर अडलो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पासबुकची गोष्ट नीट लिहून ठेवतो, पुढे दुसऱ्या कुणाला लागेल.

आपला प्रिंटर २४ पिनांचा डॉट मॅट्रिक्स. मिंटमधल्या कप्समध्ये (छपाईच्या व्यवस्थेत) २४ पिनांचा साधा ड्रायव्हर असतो, त्याने प्रिंटर ओळखला, चाचणीचं पान छापलं. रद्द झालेली पासबुकं घेऊन बसलो. पहिलं घातलं. डोकं कर्रकर्र करत गेलं, पुस्तिका बाहेर आली, आणि जमेचा आकडा शिल्लकेच्या रकान्यात. दुसरं घातलं. आता रकाने बरोबर पण ओळी घसरलेल्या, सातवी ओळ नेमकी मधल्या शिलाईवर, अर्धी वरच्या पानावर, अर्धी खालच्या. म्हातारीच्या हाती असं पासबुक दिलं तर तिला वाटेल पैसे गेले. तिसरं, चौथं, सगळी तशीच.

चूक माझ्या मांडणीत होती. कागद ए४ धरलेला. पासबुक उघडून पट्टीने मोजलं, मिलिमीटरमध्ये लिहिलं, तेवढ्या मापाचा स्वतंत्र कागद प्रिंटरच्या सेटिंगमध्ये तयार केला. ब्राउझरचे समास शून्य, प्रमाण शंभर टक्के, वरचं शीर्षक आणि तारीख बंद. ब्राउझरला "पानात बसवा" ही सवय असते, ती बंद केल्याशिवाय ओळी घसरतच राहतात. नववं पासबुक बरोबर आलं. मग सलग वीस छापली. वीसही बरोबर.

तोवर सहा वाजले होते. ताई घरी न जाता थांबल्या होत्या. विसावं पासबुक त्यांनी दिव्याखाली धरलं, बोटाने ओळी मोजल्या, म्हणाल्या, "आता बसलं बाप्पा."

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, शाखांना सुट्टी. खरांगण्याचा आठवडा नीट गेला. एकच तक्रार आली, जुनी मराठी पत्रं इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. चालू कामाची तीन पत्रं युनिकोडमध्ये बदलून दिली, बाकी जुन्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या.

मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि मिंट दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे नवीन मुलांना अडचण नाही. दोन जुने लिपिक टाइपरायटरवर शिकलेले, त्यांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेली. त्यांना विंडोजवरच ठेवायचं. तीस वर्षांचा हात माझ्या सोयीसाठी मोडायला लावणं बरोबर नाही.

डिजिटल सही आणि टॅली असलेल्या मशिनीही विंडोजवरच.

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्यांच्या गडबडीनंतरची सभा. मांडलेलं आणि मंजूर झालेलं:

१४ ओईएम प्रो, जागच्या जागी विंडोज ११ वर, खर्च शून्य. एक मशीन तयार करून त्याची प्रत बाकीच्यांवर उतरवली असती तर वेळ वाचला असता, पण ओईएमच्या लायसन्सवर तो हक्क नसतो, त्यासाठी व्हॉल्युम लागतं, आणि ते अजून आलेलं नाही. म्हणून एकेकावर बसून करायचं.

९ होम, मूळ लायसन्सवर परत. तीन प्रोवर.

लायसन्स नसलेले ११: आठांना गेट जेन्युइन, तीन मिंटवर.

जुने १३: दहा मिंटवर. तीन निकालात काढून त्यांच्या जागी नवीन, प्रोसह.

एका संचालकांनी विचारलं, "मंग सारेच लिनक्स काहून नाई?" प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, ज्या टेबलवरचं काम ब्राउझरमध्ये संपतं तिथे उद्याही करू. टॅली, सही आणि जुन्या टंकलेखकांचं टेबल आज तयार नाही. आणि जिथे लायसन्सचे पैसे आधीच भरलेले आहेत ते फेकून देण्यात संस्थेचा फायदा नाही. त्यांना पटलं.

खरेदीचा नियमही ठरावात घालून घेतला: यापुढे बिलात मशीनचा सिरियल नंबर, विंडोजची आवृत्ती आणि लायसन्सचा प्रकार या तीन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या नसतील तर बिल पास होणार नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आठ लायसन्स आले, १८ टक्के जीएसटीसह. दुसरा विक्रेता निवडला. मॅक की पोर्टलवर दिसते. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, शाखेत लिहून ठेवायची नाही. व्यवस्थापकांच्या तिजोरीत पाकीट, आणि मी. कराराची छापील प्रत फाइलला लावली.

१३ ते २८ सप्टेंबर

शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी पाचनंतर. क्रम ठरल्याप्रमाणे, चोरीचं विंडोज आधी. वरून दुरुस्ती नाही, पूर्ण पुसून नव्याने. ॲक्टिव्हेटर ज्या मशीनमध्ये राहिला त्याच्यावर मला आता विश्वास नाही. पुसण्याआधी डेटा बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर तपासला. दोन पेनड्राइव्हवर व्हायरस निघाला. सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले, सीबीएसचेसुद्धा.

रोहण्याचं काउंटर २० तारखेला झालं. डीएलव्ही दिलं, चॅनलच्या ओळीत व्हॉल्युम मॅक. एक्सपीआर दिलं, कायमचं ॲक्टिव्हेटेड. ताईंना खिडकी दाखवली. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला.

कारंज्याचा लॅपटॉप होमवर गेला आणि नेट जोडताच स्वतःहून ॲक्टिव्हेट झाला. मग प्रो.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसरा आटोपला. ४७ पैकी ४३ पूर्ण. सातबाऱ्याची प्रत्येक ओळ पुन्हा मशीनसमोर बसून ताडून पाहिली. एका ठिकाणी सिरियल नंबरातलं एक अक्षर चुकलं होतं, बी च्या जागी आठ. दुरुस्त करून सही केली.

लिनक्सवरच्या शाखांमधून आठवड्यात सहा फोन आले. पाच प्रिंटरच्या कागदाच्या मापाचे, एक पेनड्राइव्ह कुठे दिसते याचा. कागदाचं माप प्रत्येक शाखेच्या पासबुकाप्रमाणे थोडं वेगळं आहे, कारण छपाई तीन वेळा वेगवेगळ्या प्रेसकडून झाली. हे मला आधी सुचायला हवं होतं. आता पट्टी सोबतच नेतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

देऊरवाड्याची शेवटची मशीन संध्याकाळी झाली. नदीकाठची शाखा, नेट अगदी मंद, अपडेट उतरायला चार तास गेले. कापूस निघायला लागला आहे. दुपारी काउंटरवर एक आजी आल्या, वेचणीच्या मजुरीचे पैसे टाकायला. "बाई, छापून दे वं, किती झाले ते पाहू दे." ताईंनी पासबुक प्रिंटरमध्ये घातलं. ओळ रकान्यात बसली. आजींनी आकडा पोराकडून वाचून घेतला आणि पासबुक पदराच्या गाठीत बांधलं.

४७ पैकी ४७. विंडोज ३४, मिंट १३.

राहिलेलं काम: निकालात काढलेल्या तीन मशिनींच्या डिस्क पुसून मगच भंगारात द्यायच्या, त्यांच्या विंडोज ७ च्या स्टिकरचे फोटो फाइलला लावायचे. वाढोणा आणि विरूळला प्रिंटरच्या रिबन संपत आल्या आहेत, प्रत्येकी दोन मागवायच्या. दिवाळीनंतर जानेवारीच्या तपासणीची तारीख साहेबांकडून घ्यायची.